हाताने विणलेले-शिवलेले कपडे आता होत नाहीत, शोभतही नाहीत. काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ह्यांच्या नोकरीमुळे बरीच वर्षं डेहराडूनला काढली. तिथे थंडीत दुपारची जेवणं उरकली की बायका सुया-लोकर घेऊन उन्हात बसायच्या. त्यांच्यात बसून मीही विणायला शिकले आणि मग थांबलेच नाही. आता कायमच्या ठाण्याला आलोय. स्वेटर, कार्डिगन, बंड्या, शाली यांनी एक अख्खं कपाट अडलंय. ठाण्यात स्वेटरची गरज पडते ती फक्त रात्रीच्या एसी बसमध्ये! शिवाय वजन वाढलंय. तेव्हा हौसेने निवडलेले राणी, पोपटी रंग आता अंगाला लावून बघवत नाहीत. खालच्या कप्प्यात मीच शिवलेले सुती कळीदार कुर्ते आहेत. ते छातीत आणि दंडात घट्ट होतात.

दुकानातला कपडा मी मागेपुढे न बघता देऊन टाकते. हात अडतो तो हाताने केलेल्यांपाशीच. नाशिकच्या भाचीने "मामी, पाठव ना" म्हणून दोन स्वेटर मागून घेतले. नंतर तिच्याकडे गेले तर त्यातला एक इन्व्हर्टरच्या बॅटरीवर झाकलेला. तिला बोलले नाही, दिलेली वस्तू तिची. पण त्या स्वेटरच्या पाठीवर वेण्यांची नक्षी होती हो, आणि ती घालताना किती वेळा उसवून पुन्हा विणलं ते माझं मला माहीत.

तर विचारायचंय असं: लोकर उसवून परत वापरता येते का, की जुनी लोकर तुटतेच? हे कपडे खरोखर वापरले जातील अशा ठिकाणी कसे पोचवायचे? आणि कुर्त्यांचं काही होईल का? "फोटो काढून ठेव आणि देऊन टाक" हा सल्ला घरात सगळ्यांनी देऊन झालाय, तो सोडून सांगा.

– गच्चीतलं ऊन

ठाणेकर७
बोहारणीला द्या, दोन डबे घ्या, विषय संपला.

गच्चीतलं ऊन
विचारून झालं. स्वेटर बघितल्यावर तिने मानच फिरवली. तिला जरीची साडी हवी होती.

सुईदोरा
ताई, आधी कुठला कपडा कशाचा आहे ते बघा. त्यावरच पुढचं सगळं ठरेल. शिवणीच्या आतून बोटभर धागा कापा, चिमट्यात धरून बशीवर जाळा. खरी लोकर केस जळल्याच्या वासाने जळते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटाने चुरडता येते. ॲक्रिलिक, म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा, वितळतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी उरतो. आपल्याकडे घरोघरी विणलेलं बरंचसं ॲक्रिलिकच असतं, लेबलवर 'वूल' लिहिलेलं असलं तरी.

खरी लोकर असेल तर आधी कसर लागलीय का बघा. कसर लोकर आणि रेशीम खाते, ॲक्रिलिकच्या वाटेला सहसा जात नाही. कॉलरखाली, काखेत, बरगडीच्या विणीत (कडांना असते ती उभ्या पट्ट्यांची, 'रिब') बघा, तिथे बारीक भोकं दिसतात. शंका आली तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र ज्याला स्वेटर द्याल त्याच्या नाकातून लवकर जात नाही.

उलट_सुलट
उसवा! बिनधास्त उसवा. पद्धत सांगते.

आधी बाजूच्या आणि खांद्याच्या शिवणी सोडवा. त्या धाग्याला ओढू नका, बारीक कात्रीने एकेक टाका कापत जा. मग जिथे टाके बंद केलेत तिथलं टोक शोधा. खालून वर विणलं असेल तर ते गळ्याशी किंवा खांद्याशी सापडेल, आणि एकदा सुटलं की भराभर निघतं. लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत जा, लडी झाली की चार ठिकाणी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने सैल बांधा, म्हणजे गुंता होत नाही. आता ती सगळी कुरळी दिसेल. कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून सावलीत टांगा. खऱ्या लोकरीचे कुरळे बऱ्यापैकी जातात. ॲक्रिलिकचे पाण्याने तसे जात नाहीत. वाफेने जातात, पण इस्त्री जवळ गेली की ॲक्रिलिक कायमचं लुळं पडतं. लडी सुकल्यावर सैल गुंडा करा.

काखेतला भाग घामाने आणि घासून गुठळलेला असतो, तो सोडून द्यावा लागतो. मोहेरच्या (लांब केसाळ लोकरीच्या) नादी लागू नका, केस एकमेकांत अडकलेले असतात. दोन रंगांच्या नक्षीचे तर तुकडेच हाती येतील.

मोगरावेल
एवढं विणलेलं उसवायचं? माझ्या तर पोटात कालवलं. चांगला स्वेटर आहे तसा कुणाला तरी मिळू दे की!

उलट_सुलट
मोगरावेल, आमच्याकडे पोराची उंची वाढली की तोच स्वेटर उसवून, नव्या लोकरीचा एखादा गुंडा जोडून पुढच्या हिवाळ्याला मोठा विणायचे. हातावर दुसऱ्याच रंगाचे पट्टे त्यामुळेच असायचे. एकदा विणला म्हणजे जन्मभर तसाच ठेवायचा, ही हौस लोकर स्वस्त झाल्यावरची. आणि कला टिकते ती विणणारीच्या हातात. स्वेटर बॅटरीवर घालून टिकत नाही. (भाचीबाई वाचत असतील तर माफी.)

रानवाटा
देण्याबद्दल. ठाण्याहून जव्हार-मोखाड्याकडे जाऊन बघा, थंडी तिथे चांगली जाणवते. त्या भागात आश्रमशाळा आहेत. पण आधी फोन करून मापं विचारा. मोठ्यांचे अडतीस-चाळीस छातीचे स्वेटर मुलांना होत नाहीत. तुमच्या उसवलेल्या ॲक्रिलिकच्या टोप्या आणि लहान स्वेटर विणलेत तर ते आधी उचलले जातील, आणि राणी-पोपटी तर सगळ्यात आधी!

संस्थांमध्ये 'गूंज' आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केली. शहरातले कपडे नीट वर्गीकरण करून गावांकडे पाठवतात. गावकरी आपल्याच गावात विहीर, रस्ता असं काम ठरवून करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे मिळतात, भीक म्हणून नाही. द्यायचं तर दिवाळीच्या आधी द्या, धुऊन, बटणं लावून. तुटक्या बटणाचा स्वेटर देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात.

धावदोरा
कुर्त्यांचं माझ्याकडे लागलं!

मीच शिवलेत म्हणता, म्हणजे माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) सोडली असणारच. बाजूची शिवण उसवून अर्धा-अर्धा इंच मिळाला तर छातीचं काम होतं. मात्र आतला न विटलेला पट्टा बाहेर डोकावतो, तो आधी ओढणीच्या टोकाने झाकून बघा. दंडाला काखेत चौकोनी तुकडा लावा, तिरका कापून. त्यासाठी एक कुर्ता बळी द्या. ज्याचं कापड विरलंय तो.

उरलेल्यांची गोधडी. कळ्यांचे तुकडे मुळातच लांब तिकोनी निघतात, कापाकापी कमी. आत जुन्या सुती साड्यांचे थर घाला. विणलेला स्वेटर आत घालू नका, तो ताणतो आणि धुतला की गोळा होतो. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी करतात, ती कडेपासून आत आत धावदोरा घालत. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी समजतात. मी माझ्या गोधडीला लावली, नातवाने चघळून एक फूल काढलं सुद्धा.

गच्चीतलं ऊन
सगळ्यांचे आभार. काल बशीवर जाळपोळ केली, ह्यांनी गॅस गळतोय का म्हणून खिडक्या उघडल्या. राणी आणि पोपटी दोन्ही ॲक्रिलिक निघाले. त्यांच्या टोप्या विणते, शाळेला फोन करून मापं घेते. करड्या बंडीला काखेपाशी कसर आहे, ती फ्रीझरमध्ये मटारांशेजारी जाऊन बसली आहे.

एक मरून कार्डिगन खरी लोकर आहे, कसर नाही, बटणं शाबूत. तो उसवायला हात होत नाही आणि ठाण्यात ठेवून उपयोग नाही. छाती अडतीस, लांबी चोवीस इंच. खरंच घालणारं कुणी थंड गावी राहत असेल तर सांगा.

गारठा
ताई, मी लेहला असते. माझी छाती छत्तीस, आतून दोन कपडे घालावेच लागतात, त्यामुळे बरोब्बर होईल. टपालखर्च माझा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

गच्चीतलं ऊन
व्यनि वाचला. बाह्या किती लांब लागतील ते कळवा. मनगटाची बरगडी उसवून वाढवून देते, तेवढी मरून लोकर शिल्लक आहे.