त्याच त्या कुटुंबांचा दहा वर्षं अभ्यास: नमुना किती, क्रमांक कसे, माहिती सांभाळायची कोणी?

काटोल_रोड: नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेड पट्ट्यातल्या सहा गावांत ३०० कुटुंबं घेऊन दहा वर्षं, दरवर्षी एक फेरी, असा अभ्यास महाविद्यालयातर्फे सुरू करायचा आहे. विषय संत्र्याचं उत्पन्न, कर्ज, मजुरी, स्थलांतर. अनुदान दोनच वर्षांचं. ३०० पुरतील का? आणि पैसे संपल्यावर माहिती कोणाच्या ताब्यात द्यावी?

सांख्यिकी_धंतोली: ३०० पहिल्या फेरीत हवीत की शेवटच्या, ते आधी ठरवा. वर्षाला ५ टक्के गळती (अभ्यासातून सुटणारी कुटुंबं) धरली तरी दहा वर्षांनी १८० उरतात, ८ टक्के धरली तर १३०. नुसती संख्या घटली तर एक वेळ निभेल, पण गळतात ते मुख्यतः भूमिहीन. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत कामाला गेले की घराला कुलूप. उरलेला नमुना जमीनवाल्यांकडे झुकतो आणि गाव सुधारल्याचं खोटंच चित्र दिसतं. म्हणून भूमिहीन सुरुवातीलाच जास्त निवडा आणि त्याप्रमाणे भारांक, म्हणजे हिशोबात कोणत्या घराला किती वजन द्यायचं ते, नोंदवून ठेवा. मोबाइल नंबरवर विसंबू नका. गावातला एक नातलग, बायकोचं माहेर आणि लेकीचं सासर, हे तीन पत्ते पहिल्याच फेरीत घ्या.

बांधावरून: खरा घोळ वाटणीत होतो. ०१४ क्रमांकाच्या घरात भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, की ०१४ बंद करून ०१४-१ आणि ०१४-२ उघडायचे. दोघांकडेही जायचं. फक्त थोरल्याकडे जात राहिलात, तर जमीन निम्मी झाली ती तोट्यासारखी दिसेल. माणसाचा क्रमांक मात्र कायम तोच, मेल्यावरही दुसऱ्याला द्यायचा नाही.

संत्र्याचं उत्पन्न एका रकान्यात विचारू नका. बाग झाडावरच उक्ती विकली जाते. इसार आधी, बाकी तोडणीनंतर, आणि मधे गारपीट झाली की व्यापारी भाव पाडून मागतो. कोणी सौद्याचा आकडा सांगेल, कोणी हातात पडलेला. ठरलेली रक्कम, इसार, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आणि तारखा असे वेगळे रकाने करा, आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांसाठी स्वतंत्र. फेरी एप्रिल-मेमध्ये ठेवा, तोवर दोन्ही बहार आटोपलेले असतात. एका वर्षी मे आणि दुसऱ्या वर्षी जुलै असं झालं, तर पेरणीचं कर्ज मधे येऊन तुलनाच मोडते.

ग्रंथालय_सीताबर्डी: ताब्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण असे अभ्यास व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर संपतात. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेने १९७५ मध्ये गाव-अभ्यास सुरू केले, त्यात अकोला जिल्ह्यातली गावंही होती. प्रत्येक गावात ४० कुटुंबं: १० मजूर, ३० शेतकरी. अन्वेषक, म्हणजे माहिती गोळा करणारे, गावातच मुक्कामाला. १९८५ च्या सुमारास काम थांबलं, तरी २००१ मध्ये त्याच गावांत पुन्हा सुरू करता आलं. कागद संस्थेकडे होते म्हणूनच ना! अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी १९३० पासून पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था उभी केली आणि १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. संशोधनाला कायमचं घर हवं, ही गरज तेव्हाइतकीच आजही आहे.

तुम्ही एवढं करा. प्रश्नावली, संकेतपुस्तिका (कोणत्या उत्तराला कोणता आकडा दिला ते सांगणारी वही) आणि अन्वेषकांच्या सूचना प्रत्येक फेरीनंतर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल करा. नाव-पत्त्यांची यादी उत्तरांपासून वेगळी, कुलपात. जबाबदारी दोन पदांच्या नावे लिहून घ्या, माणसांच्या नव्हे. आणि 'पुन्हा येऊ' व 'नावं काढून माहिती इतर अभ्यासकांना देऊ' या दोन्ही गोष्टींची संमती पहिल्याच फेरीत घ्या. दहा वर्षांनी सगळ्यांना गाठून ती घेता येत नाही.