एक्सके १२० जॅग्वारची वाटणीसाठी किंमत कशी काढायची?

दादरकर_७

घरच्या वाटणीत एका गाडीच्या किमतीवर घोडं अडलंय. जॅग्वार एक्सके १२०, उघडी टू-सीटर, उजवं स्टिअरिंग. आरसी आजोबांच्या नावावर, साल १९५१, नंबर जुना बीएमवाय मालिकेतला. चासी नंबर ६६० ने सुरू होतो. गाडी हिंदू कॉलनीतल्या गॅरेजमध्ये पंचवीसेक वर्षं उभी आहे. चाकं साधी पत्र्याची, मागच्या चाकांवरची झाकणं दोन्ही जागेवर. साइडस्क्रीन, टूलकिट आणि एका हेडलॅम्पची रिंग गायब. एका दलालाने गाडी न बघताच १८ लाख सांगितले, दुसऱ्याने ६० लाख. धाकट्या भावाला गाडी ठेवायची आहे, आम्हा दोघांना आमचा वाटा पैशांत हवा आहे. तिघांना पटेल असा आकडा कसा काढायचा?

ट्विनकॅम

आकड्याकडे नंतर येऊ. नक्की कोणती गाडी उभी आहे हे आधी ठरवा, कारण एक्सके १२० म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन गाड्यांच्या किमतीत सहज दुपटीचा फरक असतो.

चासी नंबर ६६० ने सुरू होतो म्हणजे उजव्या स्टिअरिंगची रोडस्टर, हे बरोबर जुळतं. डाव्या स्टिअरिंगच्या रोडस्टरची मालिका ६७० ची. पण आरसीतलं साल नोंदणीचं असू शकतं, बांधणीचं असेलच असं नाही. हे मॉडेल १९४८ च्या लंडन मोटर शोमध्ये आलं आणि पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमची होती. नंतर पोलादी बॉडी आली. तुमचा नंबर ६६० मालिकेच्या अगदी सुरुवातीचा असेल तर सगळं गणितच बदलतं.

आता नंबर वाचा. बॉनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर, पाटी असते, तिच्यावर चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चारही नंबर असतात. पण पाटी बदलता येते, त्यामुळे चासीच्या लोखंडावर कोरलेला नंबर शोधा. वायर ब्रशने खरवडू नका. केरोसीनच्या फडक्याने ग्रीस पुसा, वर कागद धरून पेन्सिल फिरवा आणि आरटीओसाठी घेतात तशी प्रिंट घ्या. इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर असतो. तोच पुन्हा सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला कोरलेला असतो. दोन्ही वाचा. एक्सके १२० चं इंजिन डब्ल्यू किंवा एफ अक्षराने सुरू होतं, आणि शेवटचा ७ किंवा ८ हा आकडा कॉम्प्रेशन रेशोचा.

मग जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे प्रॉडक्शन रेकॉर्डचं सर्टिफिकेट मागा. कारखान्यातून निघताना गाडीवर कोणते नंबर होते, रंग आणि सीट कसल्या होत्या, कधी आणि कोणत्या वितरकाकडे रवाना झाली, हे त्यात येतं. जगभरातले खरेदीदार तोच कागद आधी मागतात.

पूर्ण चासी नंबर मात्र इथे टाकू नका. अशा नंबरांवर दुसऱ्या गाड्या उभ्या राहतात.

पत्राकाम

नंबर वाचायला जाल तेव्हा खिशात एक साधा लोहचुंबक ठेवा, पातळ कापडात गुंडाळलेला. पोलादी बॉडीच्या एक्सके १२० मध्येही बॉनेट, दोन्ही दारं आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. मडगार्ड पोलादाचे. म्हणजे चुंबक मडगार्डला घट्ट चिकटला पाहिजे आणि बॉनेटला अजिबात नाही. बॉनेटला चिकटला तर ते इथल्याच कुठल्या तरी गॅरेजमध्ये पत्रा ठोकून बनवलेलं आहे. मडगार्डवरून सरकवताना मध्येच पकड सुटली तर तिथे पुटीचा थर आहे. मागच्या मडगार्डचा खालचा तिसरा हिस्सा आणि हेडलॅम्पच्या भोवतीचा भाग बोटाबोटाने तपासा.

मुंबईच्या खाऱ्या हवेत ही गाडी खालून वर सडते. दाराखालच्या पट्ट्या, दार ज्यावर टेकतं ते खांब आणि स्पेअर व्हीलखालचा तळ या तीन जागा पहिल्या. जिथे अ‍ॅल्युमिनियम पोलादाला टेकतं, उदाहरणार्थ दाराच्या बिजागऱ्यांपाशी, तिथे रंगाखाली पांढरी भुकटी आणि फोड दिसतील. खारट ओल मिळाली की दोन धातूंच्या सांध्यात अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. दार उघडून थोडं वर उचला, मग बंद करून फटी बघा. फट वर-खाली सारखी नसेल तर खांब बसलेला असू शकतो. हे काम सगळ्यात महाग, कारण त्यासाठी अर्धी बॉडी सोडवावी लागते.

झाकणं जागेवर आहेत हे फार चांगलं. तारेची चाकं घातलेल्या गाड्यांवर ती बसत नाहीत, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती हरवलेली असतात.

दादरकर_७

तपासलं. चुंबक बॉनेटला चिकटतो. दारं आणि डिकीला नाही. मडगार्ड तीन चांगले, मागच्या डाव्यात वीतभर पुटी. दाराची फट डावीकडे खाली अरुंद आहे. हेडवरचा नंबर डब्ल्यू, ब्लॉकवरचा ए! पाटीवर आणि आरसीत डब्ल्यूच आहे आणि तो हेडशी जुळतो. चासीची प्रिंट पाटीशी जुळते.

ट्विनकॅम

चासी जुळली, ही सगळ्यात मोठी गोष्ट झाली. हेड मूळचं, ब्लॉक बहुतेक जॅग्वारच्याच मार्क ७ या सलूनचा, म्हणजे बंद चार-दारी गाडीचा. दोन्हीत तेच ३,४४२ सीसीचं एक्सके इंजिन, त्यामुळे ब्लॉक फुटला की सलूनचा बसवायचा हा सोपा मार्ग होता. चालायला काही फरक नाही, किमतीला आहे. गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा गावच्या घरी जुना ब्लॉक पडलेला नाही ना, हे वाटणी लिहायच्या आधी बघा. तडा गेलेला असला तरी तो गाडीसोबत राहू द्या. बिडाचा ब्लॉक आज टाके मारून दुरुस्त होतो.

आणि कोणी नवा नंबर पंच करून देतो म्हणाला तर त्याला दारातही उभं करू नका. गुन्हा तर आहेच, शिवाय जाणकाराच्या नजरेतून तो सुटत नाही, आणि मग खऱ्या चासीवरही संशय येतो.

लिलाववही

आता किंमत. दलालाचा १८ लाख हा त्याचा खरेदीभाव आणि दुसऱ्याचा ६० लाख हा कोणीतरी जाहिरातीत लावलेला भाव असावा. दोन्हींत प्रत्यक्ष झालेला व्यवहार नाही. मागितलेली किंमत आणि लिलावापूर्वीचा अंदाज हे दोन्ही बाजूला ठेवा, फक्त झालेले सौदे धरा.

परदेशी सौद्यांत ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या निवडा. बोनहॅम्स, आरएम सदबीज या लिलाव कंपन्यांचे जाहीर निकाल खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे त्याने कंपनीला वर द्यायची रक्कम, धरून असतात. ते विकणाऱ्याच्या हातात येत नाही, उलट त्याच्या रकमेतून कमिशन वेगळं जातं. जुन्या गाड्यांचे दर देणाऱ्या हॅगर्टी या विमा कंपनीच्या ब्रिटिश दरसूचीत स्थितीच्या चार पायऱ्या आहेत: १ म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी, २ उत्तम, ३ चांगली चालती, ४ चालती पण बरंच काम असलेली. तुमची गाडी आज चौथीच्याही खाली आहे.

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. तिसऱ्या पायरीची किंमत घेतात आणि त्यातून संपूर्ण रिस्टोरेशनचा खर्च वजा करतात. संपूर्ण काम केलेली गाडी दुसऱ्या पायरीवर जाते, म्हणजे वजाबाकी दुसरीच्या किमतीतून करायला हवी. समजा दुसरीची किंमत १०० धरली. ब्लॉक मूळचा नाही म्हणून मी १५ ते २० कापेन, इथे बनवलेल्या बॉनेटसाठी नवं अ‍ॅल्युमिनियमचं करून घ्यायचा खर्च कापेन. त्यातून पत्रा, इंजिन, वायरिंग, हूड-सीट आणि क्रोम यांची लेखी कोटेशनं वजा. शिवाय गाडी उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी एकूण खर्चाच्या २५ टक्के वेगळे. मग दुसऱ्या बाजूने या: चौथीची किंमत घ्या, त्यातूनही ब्लॉकचे कापा आणि गाडी चालती करण्यापुरता खर्च वजा करा. दोन आकड्यांत अंतर पडेल आणि पहिला बहुधा खाली येईल, कारण पूर्ण काम करायला पायरी चढून वाढणाऱ्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागतात. तुमची किंमत या दोघांच्या मध्ये.

पौंडाचे रुपये करून थांबू नका. बाहेरून अशी गाडी आणताना ड्यूटी आणि कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात, त्यामुळे भारतात आधीपासून कागदावर असलेल्या गाडीला वर ओढ आहे. पण इथले खरेदीदार मोजके आणि सौदे गुपचूप होतात, म्हणून खालीही ओढ आहे. इथले झालेले भाव मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या जुन्या सभासदांना विचारूनच कळतात.

वाटणीसाठी दोन स्वतंत्र मूल्यांकनं लेखी घ्या, त्यावर तारीख आणि ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द हवेत. त्यातला एक प्लांट अँड मशिनरीचा नोंदणीकृत व्हॅल्युअर असेल तर कोर्टातही चालतं. तरी पटलं नाही तर तिघांनी बंद पाकिटात आपापला आकडा लिहावा. ज्याचा सर्वात जास्त, त्याने गाडी घ्यावी आणि त्याच आकड्याने बाकीच्यांना वाटा द्यावा. फक्त गाडी नको असलेल्यांनी आकडा फुगवू नये, नाहीतर गाडी त्यांच्याच गळ्यात पडते.

वडाळा_आरटीओ

कागदांचीही किंमत असते. आधी वारसांच्या नावावर फॉर्म ३१ ने हस्तांतरण, इतर वारसांच्या ना-हरकतीसह. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांत वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे: नव्या नोंदणीला २० हजार, १० वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला ५ हजार. जुना नंबर राखता येतो, म्हणजे बीएमवाय जाणार नाही. मात्र या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

तुमची अडचण इंजिनाची. आरसीत डब्ल्यू, ब्लॉकवर ए. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी व्हिंटेजच्या व्याख्येत बसत नाही. इंजिन बदलल्याची नोंद आधी कधी झाली होती का, हे जुन्या आरसीच्या मागच्या पानांवर शोधा. नसेल तर वाटणीच्या कराराच्या आधी आरटीओत लेखी विचारा, कारण त्या उत्तराने किंमत वरखाली होईल.

पुढे विकायची वेळ आली तर आयकर. वैयक्तिक वापराची गाडी भांडवली मालमत्तेत येत नाही, म्हणजे विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, पण १९३१ च्या एका फोर्ड टूररच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय की गाडी वापरता येण्यासारखी असणं पुरेसं नाही, खरोखर वापरल्याचा पुरावा हवा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला तो देणं कठीण. पेट्रोलची, सर्व्हिसिंगची, विम्याची जुनी बिलं असतील तर जपून ठेवा आणि सीएला दाखवा.

दादरकर_७

सगळ्यांचे आभार. मूल्यांकनाच्या आधी इंजिन सुरू करून बघावं का? चालू गाडीला जास्त किंमत येईल ना.

पत्राकाम

धक्का मारून किंवा नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर अजिबात मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर पिस्टन तुटेल. सहाही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे पातळ तेल सोडा, तीन-चार दिवस राहू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीवरून हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका, आणखी तेल घाला. मोकळं फिरलं तर जुनं ऑइल आणि टाकीतलं पेट्रोल काढा, नवं ऑइल भरा आणि प्लग बाहेरच ठेवून, काट्यावर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. मग थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून कॉम्प्रेशन मोजा. सहा सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर त्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, आत जुनं पाणी राहिलं असेल तर हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाल्लेल्या निघतात. तुमच्याकडे हेडच मूळचं आहे, तेव्हा ते वाचवणं महत्त्वाचं.

हे सगळं तिघा भावंडांसमोर करा आणि सहाही आकडे दोन्ही व्हॅल्युअरना सारखेच द्या.