चाकं फक्त नावापुरती
शेजारी ट्रेलर पार्क, म्हणजे भाड्याच्या जागेवर ठेवलेल्या तयार घरांची (मोबाइल होम) वस्ती आली तर घरांच्या किमती पडतील, ही भीती समजू शकतो. पण 'उद्या चाकं लावून निघून जाणारे लोक' असं तिथल्या रहिवाशांबद्दल म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. अमेरिकेत ही घरं कारखान्यात बनतात, ट्रकवरून एकदा येतात आणि बहुतेक तिथेच म्हातारी होतात. 1976 पासून त्यांना केंद्र सरकारची बांधकाम-सुरक्षा नियमावली लागू आहे. हलवायचं तर हजारो डॉलर लागतात, आणि फार जुनं घर दुसऱ्या पार्कात बऱ्याचदा घेतही नाहीत. खरी मेख इथेच आहे: घर स्वतःचं, खालची जमीन भाड्याची. मालकाने भाडं वाढवलं की माणूस कात्रीत सापडतो.

झोनिंगच्या (कुठल्या जागेवर काय बांधता येईल, हे ठरवणाऱ्या नियमांच्या) सुनावणीत हे सहसा निघत नाही. तिथे सगळा भर ट्रॅफिक, शाळा, सांडपाणी यांवर. (सेप्टिक टँकवर चालणाऱ्या भागात सांडपाण्याचा मुद्दा खराच आहे, तो उडवून लावू नका.)

न्यू जर्सीत आपली इतकी मंडळी राहतात, तर तिथलंच उदाहरण. ग्लॉस्टर टाउनशिपने ट्रेलर पार्कवर घातलेली बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली उचलून धरली. न्या. फ्रेडरिक हॉल यांनी विरोधी मत नोंदवलं. गावांनी झोनिंगच्या आडून कमी उत्पन्नाच्या लोकांना बाहेर ठेवू नये, असं सांगणारा 1975 चा माउंट लॉरेल निकाल पुढे त्यांनीच लिहिला, आणि 1983 च्या दुसऱ्या माउंट लॉरेल निकालात तो 1962 चा निर्णय मोडीत निघाला.

सुनावणीला जाणार असालच, तर रहिवाशांना एकत्र येऊन पार्कची जमीन विकत घेता येईल का, हे जरूर विचारा. न्यू हॅम्पशायरमध्ये 1984 पासून अशा सहकारी संस्था उभ्या राहिल्या आहेत.