मदत हवी आहे: लढाईत हेलिकॉप्टर एवढं सहज कसं पडतं?

नमस्कार मंडळी. होटगी रोडला हेलिकॉप्टर उतरताना पाहिल्यापासून नववीतला पुतण्या मागे लागलाय, "काका, युद्धात हे पडतं कसं?" जमलं तेवढं सांगितलं: उंची कमी, वेग कमी, उतरताना तर जवळपास जागेवरच थांबलेलं. शेपटीचा पंखा गेला की अख्खं धूड स्वतःभोवती गरगरतं. १९९३ साली सोमालियातल्या मोगादिशूत अमेरिकेची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं खांद्यावरून डागायच्या आरपीजी रॉकेटने पाडली, हेही सांगितलं.

कारगिलवर मात्र अडकलो. २८ मे १९९९ला तोलोलिंगजवळ आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर स्टिंगरने (इंजिनाच्या उष्णतेमागे जाणारं क्षेपणास्त्र) पाडलं, चौघे गेले. त्यावर फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवायला सोडायचे जळते गोळे) नव्हते. असते तर वाचलं असतं का? इंजिनाची उष्णता झाकता येत नाही का?

कुणी माजी सैनिक असाल तर सोप्या मराठीत सांगा. पोरगं शांतपणे भाकरी खाऊ देईना.