मदत हवी आहे : मॅग्ना कार्टाच्या ३९व्या कलमाचं मराठी

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात दरवर्षी २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, भित्तिपत्रक लागतं. यंदा जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ घेतला आहे आणि त्याच्या शेजारी मॅग्ना कार्टाचं (इंग्लंडच्या जॉन राजाने १२१५मध्ये सरदारांना लिहून दिलेल्या हक्कांच्या कागदाचं) ३९वं कलम मराठीत लावायचं ठरलंय. ते काम माझ्याकडे आहे. पंधरा दिवस एवढ्याच ओळींवर अडलो आहे:

"बरोबरीच्यांनी दिलेल्या रीतसर निवाड्यावाचून किंवा देशाच्या कायद्यावाचून कोणत्याही मुक्त माणसाला पकडले जाणार नाही, कैदेत टाकले जाणार नाही, त्याची जमीन हिरावली जाणार नाही, त्याला कायद्याच्या आसऱ्याबाहेर काढले जाणार नाही की हद्दपार केले जाणार नाही."

सगळ्यात जास्त छळतोय तो 'बरोबरीचे' हा शब्द. 'पंच' लिहिलं तर तटस्थ माणसं डोळ्यांसमोर येतात. 'गोताचा निवाडा' लिहिलं की वाक्य एकदम आपलं होतं. शिवकाळात निवाडा करायला गोतसभा बसे, निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निकालपत्र, होई. पण तिथे देशमुख-पाटलांपासून बलुतेदारांपर्यंत सगळे असत, आणि इथे तर सारा जोर दर्जाच्या बरोबरीवर आहे. मोह सुटत नाही, पण धीरही होत नाही.

दुसरा अडथळा 'किंवा'चा. मूळ लॅटिनमधला 'वेल' कधी 'किंवा' होतो, कधी 'आणि'कडे झुकतो. अभ्यासकांचा त्यावर जुना वाद आहे. 'किंवा' म्हटलं तर दोहोंपैकी एक पुरे, 'आणि' म्हटलं तर राजाला दोन्ही हवेत. केवढा फरक!

'मुक्त माणूस' याऐवजी 'नागरिक' लिहा, असा आमच्यातल्या एकाचा आग्रह आहे. मला ते पटत नाही. १२१५च्या इंग्लंडात फार मोठी प्रजा भूदासांची, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या कुळांची, होती आणि हे कलम त्यांच्यासाठी नव्हतंच. आपला अनुच्छेद २१ 'कोणतीही व्यक्ती' म्हणतो. दोन्ही कागद शेजारी लागले की हा फरक मुलांना दिसायलाच हवा.

आणि मथळा? 'महासनद' रूढ आहे. पण सनद वरून खाली येते, वतनाची, इनामाची. १५ जून १२१५ला थेम्सकाठी रनिमीडच्या कुरणात झाला तो खरं तर तह. जॉन राजाने १२०४मध्ये फ्रान्समधली आपली नॉर्मंडी गमावली, ती परत मिळवायला सरदारांकडून पैसा पिळला, १२१४मध्ये बुव्हिनची लढाई फ्रान्सने जिंकली आणि तीही आशा संपली. मे १२१५मध्ये बंडखोर सरदारांनी लंडन घेतलं. ६१व्या कलमानुसार २५ सरदारांनी राजावर नजर ठेवायची, त्याने शब्द मोडला तर त्याचे किल्ले आणि जमिनी ताब्यात घ्यायच्या. सनदेत असं कलम कसं येईल? तरी मजकुराची भाषा मात्र 'आम्ही बहाल केले आहे' अशीच. काय लिहू?

प्रतिसाद १
'गोत' अजिबात नको. आज गावात तो शब्द वाचून लोकांना जातपंचायत आठवेल. 'त्याच्याच दर्जाच्या लोकांनी' असं सरळ लिहा. 'मुक्त माणूस' ठेवा, खाली एका ओळीत भूदासांचं सांगा. २०व्या कलमात भूदास येतो, पण दंडाच्या संदर्भात.

प्रतिसाद २
मथळ्याबद्दल : 'मॅग्ना' म्हणजे थोर नव्हे, आकाराने मोठी. १२१७मध्ये जंगलांविषयी वेगळी, छोटी सनद निघाली, तिच्यापासून ओळखू यावी म्हणून ही 'मोठी'. त्यामुळे 'महा'ने उगाच भारदस्तपणा येतो. आणि तह म्हणाल तर तो अडीच महिनेही टिकला नाही. ऑगस्टमध्येच पोप तिसऱ्या इनोसंटने रद्द केला. जॉन वारल्यावर त्याच्या लहान मुलाच्या, तिसऱ्या हेन्रीच्या नावाने १२१६मध्ये पुन्हा काढली, तेव्हा ६१वं कलम गाळलं होतं. त्यानंतर मात्र ती सनदच झाली.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. मथळा 'मोठी सनद' ठेवतो, खाली 'रनिमीडचा तह, १२१५'. 'त्याच्याच दर्जाच्या लोकांनी' हेही घेतलं. 'वेल' अजून सुटलेला नाही. लॅटिन जाणणारं कुणी असेल तर कृपया लिहा, २० तारखेला कागद रंगवायला जातोय.