आईच्या मेंदूला पुन्हा रेडिएशन द्यावं का? अनुभव सांगा

लातूरची_लेक: आई ६१ वर्षांची. स्तनाचा कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त). मेंदूत गेला तेव्हा पूर्ण डोक्याला रेडिएशनचे १० लाईट दिले, एकूण ३० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप). १३ महिने चांगले गेले. आता एमआरआयमध्ये तीन नव्या जागा, मोठी १४ मिमी. आई चालते-बोलते, पण विसरते. परवा वरणाला दोनदा फोडणी दिली. एक डॉक्टर म्हणतात पुन्हा पूर्ण डोकं, एकूण २० ग्रे, १० वेळांत. दुसरे म्हणतात फक्त त्या तीन जागांवर एसआरएस, म्हणजे नेमका गाठीवरच रेडिएशनचा मोठा डोस. दीड लाखाच्या वर जमणार नाही, आणि मुंबईत राहायला कुणी नाही.

गोदाकाठ: ताई, मुंबई गाठा, एसआरएसचं ते गॅमा नाइफ मशीन असतं, तेच करा. आमच्या दाजींना सकाळी फ्रेम बसवली, संध्याकाळी घरी. पैशाकडे बघू नका, आम्ही प्लॉट विकला.

अण्णा_करवीर: चार स्क्रू कशाला डोक्यात? सायबरनाइफ हे एसआरएसचंच दुसरं मशीन, त्याला नुसता मास्क लागतो. बायकोचं केलं, एक ओरखडा नाही.

गोदाकाठ: फ्रेममुळे डोकं तसूभर हलत नाही म्हणून स्क्रू. स्वीडनमध्ये १९६८ पासून चाललंय.

अण्णा_करवीर: मास्कच्या मशीनमध्ये सारखे एक्स-रे घेऊन डोकं कुठं आहे ते बघतात. जुनं ते सगळं सोनं नसतं.

सुमनमावशी: बाळा, आमच्या ह्यांना पूर्ण डोक्याला दोनदा दिलं. दुसऱ्या खेपेला झोपच उतरेना, घास हातात धरून डुलकी लागायची. डेक्साच्या (मेंदूची सूज उतरवायच्या स्टेरॉइडच्या) गोळ्यांनी साखर चारशेवर गेली आणि आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. रोज साखर बघ. गोळी उपाशीपोटी देऊ नकोस, आणि मनानं एकदम बंद तर मुळीच करू नकोस.

विवेक_ठाणे: गाठ नसेलच कदाचित. माझ्या भावाला रिपोर्टमध्ये 'वाढ' लिहिलं होतं, निघाली रेडिएशननं मेलेली पेशी. आधी पेट स्कॅन करा.

किरणविभाग: ११ वर्षं रेडिएशन टेक्निशियन आहे. विवेकभाऊ, ते नेक्रोसिस, म्हणजे पेशी मरणं, एसआरएस झालेल्या जागी जास्त दिसतं. इथं पूर्ण डोक्याला ३० ग्रे झालेत आणि जागा नव्या आहेत, तेव्हा ती शक्यता कमी. शंका असेल तर परफ्यूजन एमआरआयबद्दल (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा एमआरआय) डॉक्टरांना विचारा.
ताई, मशीनच्या नावाचा वाद सोडा, नेहमीच्या रेडिएशन मशीनवर, लिनॅकवरही, एसआरएस होतं. आधी जुन्या ठिकाणाहून ट्रीटमेंट समरी आणि प्लॅनची सीडी घ्या. कुठल्या भागाला किती ग्रे गेले ते कळल्याशिवाय दुसरा डोस नीट ठरत नाही. तीनच जागा, त्याही लहान, म्हणून एसआरएसचा विचार होतो. त्यात बाकीचा मेंदू पुष्कळ वाचतो. आणि हर-टू असेल तर मेंदूतल्या गाठींवरही काम करणाऱ्या गोळ्या आहेत, मेडिकल ऑन्कोलॉजिस्टला विचारलं का?

गोदाकाठ: म्हणजे एसआरएसच. मी तेच म्हणालो.

रेल्वेवाला_परळी: कॅन्सर पेशंटला ३ एसीचं तिकीट माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट. दवाखान्याचा फॉर्म लागतो. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे पेशंट उतरतात.

अण्णा_करवीर: खोली मी बघून देतो. पण सायबरनाइफच करा.

सुमनमावशी: आईला विचारलंस का गं?

लातूरची_लेक: तीन आठवड्यांनी लिहितेय. मावशी, तुमचं वाचून त्याच रात्री आईला विचारलं. म्हणाली, मास्क काढला की तासभर कपाळावर जाळी उमटलेली असायची, कुंकू त्या खाचांत उतरायचं. आत्ता तरी ती जाळी नको.
ऑन्कोलॉजिस्टनी लॅपॅटिनिब आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू केल्यात, सहा आठवड्यांनी एमआरआय. जागा वाढल्या किंवा डोकेदुखी, उलटी, फिटचा झटका आला तर थांबायचं नाही, लगेच एसआरएस, असं लिहून घेतलंय. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं आत्ता करत नाहीये, राग मानू नका. धर्मशाळेचा पत्ता वहीत लिहून ठेवलाय.

गोदाकाठ: वेळ घालवू नका ताई. मला भीती वाटते.

किरणविभाग: एमआरआयची तारीख चुकवू नका. सीडी मिळाली?

लातूरची_लेक: मिळाली, चौथ्या चकरेला. आईच्या डब्यात, बांगड्यांशेजारी ठेवलीय.