होतकरू, उमेदवार की कच्चा लिंबू? – ड्राफ्टच्या रात्रीचे शब्द

मुलीकडे ओहायोत होतो तेव्हाची गोष्ट. 24 एप्रिल 2025, गुरुवारची रात्र. नातू अकरा वर्षांचा, क्लीव्हलँड ब्राउन्स या फुटबॉल संघाचा कट्टर भक्त. टीव्हीवर एनएफएलचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट लागला होता, ग्रीन बेहून; त्यात संघ पाळीपाळीनं कॉलेजातले खेळाडू निवडतात. (फुटबॉल म्हणजे इथला. अंडाकृती चेंडू काखोटीला मारून पळायचा. आपल्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात.) पडद्यावर दिसलं, ब्राउन्सचा दुसरा नंबर. मी कौतुकानं म्हटलं, "वा! म्हणजे गेल्या वर्षी चांगले खेळलात की!"

नातू माझ्याकडे बघतच राहिला. "आजोबा, आम्ही सतरापैकी तीनच जिंकलो. म्हणून तर दुसरा नंबर!"

आपल्याकडे नंबर आला की पेढे. इथला नंबर वर्गातला नाही, रेशनच्या रांगेतला आहे, आणि रांगेत पुढे उभं राहायचा मान सगळ्यांत उपाशी माणसाला. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत पहिली निवड होऊनही गेली.

आमच्या घरात आजोबांशी मराठीतच बोलायचं असा नियम आहे. त्या रात्री दर दोन मिनिटांनी त्याचं मराठी संपायचं, आणि खरं सांगायचं तर माझंही. म्हणून हा धागा. जे सुचलं ते मांडतो, चुकलं तर कान धरा.

आधी खुद्द 'ड्राफ्ट'. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर 'मसुदा' येतो. मसुदा विधेयकाचा असतो, बावीस वर्षांच्या पोराचा नव्हे. 'भरती' म्हणावं तर पोलीसभरती आठवते. 'लिलाव' आयपीएलमुळे सगळ्यांच्या तोंडी बसलाय, पण लिलावात पैसा बोलतो आणि इथे पाळी बोलते. 32 संघ, सात फेऱ्या, तळाचा संघ आधी. पोराचा पगारसुद्धा साधारण तो कितव्या नंबराला उचलला गेला त्यावर ठरतो. ही पद्धत सुरू झाली 1936 साली, फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांच्या आग्रहावरून. दणकट संघच सगळे चांगले खेळाडू पळवायचे आणि बेल यांचा संघ कायम रडत असायचा. गंमत म्हणजे तेव्हा अगदी पहिला निवडलेला जे बर्वांगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

मला यावर 'भिडू वाटून घेणे' आठवलं. गल्लीत दोघं कॅप्टन समोरासमोर उभे राहायचे आणि एक तू घे, एक मी घेतो. ड्राफ्ट तोच आहे. फक्त कॅप्टन बत्तीस आणि भिडू कॉलेजातले.

आता ज्याला निवडायचं तो 'प्रॉस्पेक्ट'. पहिल्यांदा सुचला 'होतकरू'. शब्द सुरेख आहे, त्यात 'होणं' दडलंय. पण आपण त्याला 'गरीब व होतकरू विद्यार्थी' असं जखडून टाकल्यामुळे होतकरू म्हटलं की फीमाफीचा अर्ज दिसतो. मग आठवला 'उमेदवार'. आज तो निवडणुकीला उभा असतो. जुना उमेदवार वेगळा होता. पुढेमागे नोकरी लागेल या आशेवर कचेरीत बिनपगारी राबणारा तो उमेदवार, आणि त्या राबण्याला 'उमेदवारी करणं' म्हणायचे. अमेरिकन कॉलेजचा फुटबॉलपटू बरीच वर्षं अगदी असाच होता. मैदानात लाख लाख लोक, शिक्षण फुकट, पण स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली ती थेट जुलै 2021 मध्ये. माझं मत उमेदवाराला.

सगळ्यांत घोळ 'इव्हॅल्युएट' करण्याचा. 'मूल्यमापन' शब्द चुकीचा नाही, पण त्याला शाळा तपासणीचा वास येतो. आपल्याकडे या कामाचे केवढे तरी शब्द आहेत: पारखणं, जोखणं, कस लावणं. यातला 'पारख' हा 'परीक्षा'चाच मुलगा. परि म्हणजे सर्व बाजूंनी, ईक्षा म्हणजे पाहणं. मूळ परीक्षा म्हणजे चहूबाजूंनी न्याहाळणं. पुढे घराची वाटणी झाली. न्याहाळणं 'पारखी'कडे राहिलं आणि 'परीक्षे'च्या वाट्याला गुणपत्रिका आली.

ड्राफ्टच्या आधी या सख्ख्या भावांचंच भांडण चालतं. इंडियानापोलिसला फेब्रुवारीच्या शेवटी कंबाइन भरतं, ती परीक्षा. 40 यार्ड (आपले साडेछत्तीस मीटर) किती सेकंदांत पळतो, 225 पौंड म्हणजे शंभरेक किलो किती वेळा उचलतो, उभ्याउभ्या उडी किती. दुसरीकडे स्काउट नावाची माणसं वर्षभर गावोगाव हिंडून, सामन्यांचं चित्रण मागेपुढे करून पाहत असतात, ती पारख. 2017 मध्ये जॉन रॉस 4.22 सेकंदांत पळाला, तोवरचा विक्रम. याच ओहायोतल्या सिनसिनाटीनं त्याला नवव्या नंबराला घेतलं, आणि पुढे त्याच्या हातून फारसं काही झालं नाही. लगेच दहाव्या नंबराला कॅन्सस सिटीनं घेतला पॅट्रिक माहोम्स. त्यानं पुढे संघाला अनेकदा अजिंक्यपद मिळवून दिलं. पुढे सगळ्यांत यशस्वी खेळाडूंत गणल्या गेलेल्या टॉम ब्रेडीनं हेच 40 यार्ड 5.28 सेकंदांत कसेबसे ओढले होते. 2000 साली तो सहाव्या फेरीत, 199 वा उचलला गेला. परीक्षेत नापास, आणि 198 वेळा कोणालाच पारख नाही!

राहिला 'ट्रेड'. 'व्यापार' अजिबात नको. 'अदलाबदल' चालेल, पण ब्राउन्सनी त्या रात्री जे केलं ते अदलाबदलीत मावत नाही. दुसरा नंबर जॅक्सनव्हिलला दिला, वर किरकोळ दोन नंबर दिले. बदल्यात घेतला पाचवा, दुसऱ्या फेरीतला छत्तिसावा, चौथ्या फेरीतला एक आणि 2026 चा पहिल्या फेरीचा नंबर. जॅक्सनव्हिलनं ट्रॅव्हिस हंटर उचलला, आणि नातवाला तोच हवा होता. पोरगं रडवेलं. मी वहीत हिशेब मांडून दाखवला. डॅलसच्या जिमी जॉन्सन यांच्या काळात, 1991 च्या सुमारास, कुठल्या नंबराला किती भाव याचं एक कोष्टक तयार झालं, ते अजून वापरतात. पहिला नंबर 3000 गुणांचा, दुसरा 2600, पाचवा 1700, छत्तिसावा 540. आपल्याला 2240 आले, 360 कमी पडले, ते पुढच्या वर्षीच्या नंबरानं भरून निघणार. म्हणजे हे 'उसनं' झालं ना? आणि आमच्या आजीच्या तोंडचा 'साटंलोटं' इथे चालेल का?

प्रतिसाद (सराफकट्टा)

पारख-परीक्षा एकदम मान्य. पण कस, जोख आणि पारख तुम्ही एकाच तबकात ठेवलेत, ते पटलं नाही. आमच्याकडे तीन पिढ्यांची सराफी. दागिना समोर आला की आधी नजर, ही पारख. मग कसोटीच्या दगडावर घासून ओरखडा आणि त्यावर तेजाबाचा थेंब, हा कस. काट्यावर चढवतात ते सगळ्यांत शेवटी, ही जोख. वजन शेवटी का? कारण वजनाला पितळसुद्धा भरतं.

तुमचं ते पळणं आणि किलो उचलणं ही नुसती जोख आहे, त्याला परीक्षाही म्हणू नका. कस लागतो तो तगड्या संघासमोर, समोरून तीन आडदांड अंगावर येत असताना. तुमचा जॉन रॉस आधी काट्यावर चढवला, घोटाळा तिथेच झाला.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

माहोम्सवरून एक शब्द सुचवते. ज्याला ते 'रॉ' म्हणतात, म्हणजे अंगात आहे पण अजून तयार नाही, त्याला आमच्याकडे 'अढीतला' म्हणता येईल. माहोम्स पहिलं वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथ या अनुभवी खेळाडूच्या मागे राखीव बसून होता, मोसमाच्या अगदी शेवटच्या सामन्यात तेवढा उतरवला. पेंढ्यात घालून ठेवलेला हापूस!

फक्त एक जपायला हवं. अढी लावतात ती झाडावर पूर्ण भरलेल्या फळाची. कोवळं फळ काढून अढीत घातलं तर ते पिकत नाही, सुरकुततं. 'कच्चा' आणि 'कोवळा' यांत हा फरक आहे, आणि देठाजवळचा खड्डा बघून बागवाल्याला तो कळतो. 'रॉ आहे, पण शिकेल' असं म्हणून ज्यांना उचलतात त्यांतले किती कच्चे आणि किती कोवळे, हे तुमच्या स्काउटांना विचारा.

प्रतिसाद (बे एरिया)

काका, राग मानू नका, पण आम्ही इथे सरळ ड्राफ्ट, पिक, ट्रेड म्हणतो. "त्यांनी ट्रेड मारला" हे चोख मराठी आहे, क्रियापद बघा. 'विकेट'चं भाषांतर कोणी वापरलं का?

तरी एक शब्द मात्र द्यायलाच हवा. शेवटच्या नंबरावर निवडलेल्याला इकडे थट्टेनं 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात. म्हणजे आपला कच्चा लिंबू, लिंबूटिंबू! धाकट्या भावाला खेळात घ्यायचा पण त्याचा आऊट धरायचा नाही, तो. आमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सनी 2022 मध्ये 262 वा, अगदी शेवटचा, ब्रॉक पर्डी घेतला. पुढच्याच मोसमात या कच्च्या लिंबानं संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, नेला. तिथे त्यांना हरवलं कोणी? अढीतल्या हापूसनं.

प्रतिसाद (सोलापूर, निवृत्त बँकवाल्या)

'उसनं' नाही चालायचं. वाटीभर साखर नेली, वाटीभर परत दिली, ते उसनं. त्यावर व्याज लावलं तर शेजार तुटतो. तुमच्या या सौद्यात, मी जेवढं समजून घेतलं त्यावरून, पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या नंबराला साधारण यंदाच्या दुसऱ्या फेरीचाच भाव देतात. वर्षभर थांबायचं म्हणून ज्याला आज हवंय त्यानं जास्त द्यायचं. याला आमच्या भागात 'सवाई-दिडी' म्हणायचे. पेरणीला पायलीभर जोंधळा न्यायचा आणि सुगीला सव्वा नाहीतर दीड पायली सावकाराच्या कणगीत घालायची. तुमचे ब्राउन्स इथे सावकार आहेत. नातवाला सांगा, रडायचं काम नाही.

अशा सौद्यात खरा धसका पुढचं साल कसं जाईल याचा. कॅरोलिनानं 2023 मध्ये पहिला नंबर मिळवायला शिकागोला जे जे दिलं, त्यात 2024 चा पहिल्या फेरीचा नंबरही होता. साल इतकं वाईट गेलं की तो नंबर अख्ख्या ड्राफ्टचा पहिलाच निघाला, आणि त्यावर शिकागोनं केलेब विल्यम्स घेतला. दुष्काळात दिडी फेडणं म्हणतात ते हेच.

साटंलोटं मात्र ठेवा. मूळ अर्थ त्यांची मुलगी आपण करायची आणि आपली त्यांना द्यायची. आता त्याला संगनमताचा वास येतो, तरी माणसाच्या बदल्यात माणूस असेल तिथे चपखल बसतो. 2004 मध्ये सॅन दिएगोनं ईलाय मॅनिंगला घेऊन न्यू यॉर्क जायंट्सला दिला आणि त्यांनी नुकताच घेतलेला फिलिप रिव्हर्स स्वतःकडे आणला. वर आंदण म्हणून आणखी नंबर घेतले ते वेगळेच!

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सराफांचं म्हणणं इतकं पटलं की वहीत 'परीक्षा' खोडून 'जोख' लिहिलं. सवाई-दिडी समजावताना पायली म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली, पण 'आपण सावकार' हे ऐकून पोरगं खुलून बसलं.

आणखी थोडे शब्द जमले. गाजावाजा होऊन कुचकामी निघालेला तो 'फुसका बार', हा नातवाला दिवाळीमुळे आधीच माहीत होता. तज्ज्ञ मंडळी महिनाभर आधीपासून जे खोटे खोटे ड्राफ्ट मांडत बसतात ते 'लुटुपुटूचे'. आणि कोणाच्या नजरेत न भरलेला गुणी खेळाडू म्हणजे 'झाकलं माणिक'.

शेवटच्या शब्दावरून मात्र घरात वाद झाला. शनिवारी, पाचव्या फेरीत, 144 व्या नंबराला ब्राउन्सनी शेड्यूर सँडर्सला घेतलं. नातू ओरडला, "झाकलं माणिक!" जावई म्हणाले, "झाकलेलं कुठे होतं? बाप डिऑन सँडर्स, एकेकाळचा नावाजलेला खेळाडू, पोराच्या मागे कायम कॅमेरे." बरोबरच आहे. माणिक असेल नाहीतर काच असेल, पण तीन दिवस भर चौकात पडलं होतं आणि येणारा-जाणारा वाकून बघून पुढे जात होता. फुसका म्हणावा तर अजून वातही पेटलेली नाही. अशा माणसाला काय म्हणायचं?

प्रतिसाद (सोलापूर, निवृत्त बँकवाल्या)

'उठत्या बाजारातला'. दिवेलागणीला भाजीवाली पाटी आवरायला घेते तेव्हा उरलेली जुडी मागाल त्या भावात देते. ती शिळी असतेच असं नाही. कधी सकाळी भाव जास्त सांगितल्यामुळेही राहिलेली असते.

धागाकर्ता

घेतला. नातवाला सांगितलं. त्यानं विचारलं, "मग सकाळी भाव कोणी सांगितला होता, आजोबा?" जावई हसायला लागले. मी वही मिटली.